शेवटच्या षटकाचा माणूस: गहुंजेतील दोन संघांची गोष्ट

वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये सोळाव्यापासून विसाव्यापर्यंतच्या षटकांना ‘डेथ ओव्हर्स’ म्हणतात. फलंदाज गडी राखायची फिकीर सोडून मारत सुटतात आणि पंधरा षटकांची मेहनत दहा-बारा चेंडूंत वाहून जाऊ शकते. अमेरिकेतील बेसबॉलने याच प्रश्नासाठी ‘क्लोजर’ नावाचा खास माणूस तयार केला. सामन्याच्या अखेरीस निसटती आघाडी टिकवणे एवढेच त्याचे काम. या कामगिरीची ‘सेव्ह’ म्हणून अधिकृत नोंद 1969 पासून होते आणि न्यूयॉर्क यांकीजच्या मरियानो रिव्हेराच्या नावावर अशा 652 नोंदी आहेत. बेसबॉलमध्ये मैदानाबाहेर गेलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, त्या सामन्यात परत येत नाही, त्यामुळे राखीव पिचरांची फळी बाजूच्या ‘बुलपेन’मध्ये हात मोकळे करत थांबलेली असते. क्रिकेटमध्ये गोलंदाज परत येऊ शकतो, पण त्याला चारच षटके मिळतात. त्यातली दोन अखेरीसाठी राखायची, तर मधली षटके दुसऱ्या कोणी तरी निभावून न्यावी लागतात. शेवटच्या षटकाचा माणूस निवडणे म्हणजे सगळ्या गोलंदाजीची वाटणी करणे.

आयपीएलमध्ये पुण्याचे नाव लावणाऱ्या दोन संघांना हा धडा फार महागात शिकावा लागला. दोघांचेही घरचे मैदान पुण्याजवळच्या गहुंजेचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या या स्टेडियमचे उद्घाटन 1 एप्रिल 2012 रोजी झाले.

पहिला संघ पुणे वॉरियर्स. सहारा समूहाने 2010 मध्ये 37 कोटी डॉलर मोजून तो घेतला. 2011 ते 2013 या तीन मोसमांत संघाला दर वर्षी चारच विजय मिळाले. 46 सामन्यांत एकूण 12. त्याचे दुखणे 23 एप्रिल 2013 च्या बंगळुरूतील सामन्याइतके उघडे दुसरीकडे कुठेच पडले नाही. ख्रिस गेलने 66 चेंडूंत नाबाद 175 धावा केल्या आणि बंगळुरूचा संघ 5 बाद 263 पर्यंत गेला. आयपीएलमधील हा उच्चांक 2024 पर्यंत टिकला. अली मुर्तझाच्या दोन षटकांत 45 धावा गेल्या, तर ॲरन फिंचच्या एकाच षटकात 29. त्या धुमाळीत भुवनेश्वर कुमारने मात्र चार षटकांत फक्त 23 धावा दिल्या. म्हणजे उरलेल्या सोळा षटकांत 240 गेल्या. संघाकडे गोलंदाज होता. त्याच्याभोवती फळी नव्हती. त्याच वर्षी सहाराने अंग काढून घेतले, संघ संपला आणि भुवनेश्वर हैदराबादकडे गेला. तिथे 2016 आणि 2017 अशी सलग दोन वर्षे तो स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला.

चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्याने 2016 मध्ये पुण्याला पुन्हा संघ मिळाला: रायझिंग पुणे सुपरजायंट्स. महेंद्रसिंह धोनी कर्णधार असूनही पहिल्या वर्षी आठ संघांत सातवा क्रमांक आला. दुखापतींनी संघ पोखरला होता. त्यातच दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले आणि पुण्याचे घरचे सामने विशाखापट्टणमला गेले.

2017 साठी कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे आले आणि गोलंदाजी नव्याने उभी राहिली. बेन स्टोक्सवर 14.5 कोटी खर्च झाले. पालघरचा शार्दूल ठाकूर पंजाबकडून घेण्यात आला. लिलावात कोणीच न घेतलेला इम्रान ताहिर जखमी मिचेल मार्शच्या जागी आला, तर जखमी अश्विनच्या जागी सतरा वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर. आणि सौराष्ट्रचा डावखुरा जयदेव उनाडकट 30 लाखांच्या मूळ किमतीतच मिळाला.

पहिल्या चार सामन्यांत तो संघात नव्हता. त्यातले तीन पुण्याने गमावले. पाचव्या सामन्यापासून तो खेळू लागला आणि प्रत्येकाचे काम ठरून गेले. मधली षटके ताहिरने ताब्यात घेतली, स्टोक्स आणि शार्दूल जोडीला राहिले आणि उनाडकटची षटके अखेरीसाठी उरू लागली. 24 एप्रिलला वानखेडेवर मुंबईला शेवटच्या षटकात 17 धावा हव्या होत्या. त्याने 13 दिल्या आणि पुणे तीन धावांनी जिंकले.

6 मेचे हैदराबादमधील षटक तर या कलेचा नमुनाच. यजमानांना सहा चेंडूंत 13 धावा हव्या होत्या. उनाडकटकडे अंगावर येणारा वेग नव्हता. मनगट फिरवून सोडलेला संथ चेंडू हे त्याचे हत्यार. फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो आणि चेंडू हवेत उंच चढतो. बिपुल शर्मा, रशीद खान आणि भुवनेश्वर कुमार लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद झाले. षटक निर्धाव गेले आणि सामना पुण्याने 12 धावांनी जिंकला. हॅटट्रिकचा तिसरा बळी पुणे वॉरियर्सचाच जुना गोलंदाज होता, हा योगायोग चटका लावून जातो.

उनाडकट खेळलेल्या 12 सामन्यांपैकी नऊ पुण्याने जिंकले. त्याच्या नावावर 24 बळी जमा झाले, भुवनेश्वरपेक्षा फक्त दोन कमी. 21 मेच्या अंतिम सामन्यात त्याने 19 धावांत दोन गडी टिपले आणि मुंबईला 129 वर रोखण्यात मोठा वाटा उचलला. उत्तरादाखल पुण्याला शेवटच्या षटकात 11 धावा हव्या होत्या. तिथे मुंबईचा शेवटच्या षटकाचा माणूस सरस ठरला: मिचेल जॉन्सनने मनोज तिवारी आणि स्मिथ यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले आणि पुण्याचा एका धावेने पराभव झाला.

दोन वर्षांची मुदत संपताच हा संघही विसर्जित झाला. 2018 च्या लिलावात राजस्थानने उनाडकटसाठी 11.5 कोटी मोजले. गहुंजेला त्या वर्षी आयपीएलचे सामने मिळाले ते चेन्नईचे. कावेरीच्या पाण्यावरून झालेल्या आंदोलनामुळे ते तिथे हलवले होते.