नाव मोठे, लक्षण कसे?

मोटारींच्या दुनियेत एक गोष्ट फार वर्षांपासून सांगितली जाते. एक श्रीमंत इंग्रज गृहस्थ आपल्या रोल्स-रॉइस गाडीतून परमुलखात फिरायला गेले होते. कोणी म्हणते स्पेनमध्ये, कोणी म्हणते आल्प्सच्या घाटात. तेथे गाडीचा आस मोडला. कंपनीला तार गेली. दोन कारागीर नवा आस घेऊन आले आणि गाडी चालती करून निमूटपणे निघून गेले. महिने लोटले तरी बिल येईना, तेव्हा गृहस्थांनी आपण होऊन विचारणा केली. उत्तर आले, "अशा दुरुस्तीची आमच्याकडे नोंद नाही. रोल्स-रॉइसचा आस मोडत नसतो."

दुसरी गोष्ट आपल्याकडची. एक संस्थानिक साध्या कपड्यांत लंडनच्या रोल्स-रॉइसच्या दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना दारातूनच वाटेला लावले. महाराजांनी मग एकदम सात गाड्या खरेदी केल्या आणि आपल्या राजधानीत कचरा वाहायला जुंपल्या. तेव्हा कुठे कंपनी नाक मुठीत धरून माफी मागायला आली. हे महाराज कधी अलवरचे असतात, कधी भरतपूरचे, तर कधी महाराजांच्या जागी चक्क हैदराबादचे निजाम येतात!

या दोन्ही गोष्टींना भक्कम पुरावा नाही. मी शाळेत इतिहास शिकवतो. ज्या हकीकतीतले गाव आणि नायक दर खेपेला बदलतात, ती बखरीत असली तरी जपून वाचावी, असे मुलांना सांगत असतो. पण दंतकथा खोटी असली तरी ती सांगणाऱ्याच्या मनातली इच्छा खरी असते. पहिल्या गोष्टीत गाडी कधीच मोडू नये ही इच्छा आहे. दुसरीत, गाडीच्या धन्याचा कधी अपमान होऊ नये ही. महागड्या गाडीचे गिऱ्हाईक थैली सैल करते ते या दोन्ही वस्तूंसाठी. त्यांपैकी कोणती वस्तू त्याला खरोखर मिळाली, हे पाहण्यासारखे आहे.

हेन्री रॉइस १८६३ साली इंग्लंडात एका पिठाच्या गिरणीवाल्याच्या घरी जन्मला. तो नऊ वर्षांचा असताना बाप वारला. पोराने वर्तमानपत्रे विकली, तारा वाटल्या. नात्यातल्या एका बाईने वर्षाला २० पौंड भरायचे कबूल केले म्हणून पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात त्याला उमेदवारी मिळाली; तीन वर्षांनी तिचाही हात आखडला आणि उमेदवारी अर्धवट सुटली. पुढे १८८४ मध्ये त्याने मँचेस्टरला विजेच्या उपकरणांचा छोटा कारखाना काढला, आणि क्रेन बनवण्यात नाव मिळवले. हातात थोडा पैसा आल्यावर त्याने दकोव्हील नावाची जुनी फ्रेंच मोटार घेतली. त्या काळच्या मानाने ती गाडी काही वाईट नव्हती, पण रॉइसला तिचा खडखडाट आणि थरथर सहन होईना. त्याने ती सुटी केली, खोट दिसेल तो भाग स्वतः घडवला, आणि १ एप्रिल १९०४ रोजी स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. त्याने नवा शोध असा लावलाच नव्हता. इतरांनी 'चालेल' म्हणून सोडून दिलेले काम त्याने सोडले नाही, एवढेच.

चार्ल्स रोल्स हा अगदी उलट टोकाचा माणूस. लॉर्डाचा मुलगा, ईटनला आणि केंब्रिजला शिकलेला, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट झाली. दोन सिलिंडरांची गाडी धडधडणारच, असा रोल्सचा समज होता. रॉइसच्या गाडीत बसल्यावर तो समज गेला. रॉइसने गाड्या बांधायच्या आणि रोल्सने त्या विकायच्या, असे ठरले. त्यांना तिसरा भेटला तो क्लॉड जॉन्सन. लोक त्याला गमतीने रोल्स आणि रॉइस यांच्यामधली आडवी रेघ म्हणत. पण कंपनीचा बोलबाला व्हायला ती रेघच फार उपयोगी पडली.

१९०७ साली जॉन्सनने एका गाडीला रुपेरी रंग दिला, तिच्या साजाला चांदीचा मुलामा दिला आणि तिचे नाव ठेवले 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत. रुपेरी म्हणजे दिसायला देखणी, आणि भूत म्हणजे आवाज न करता येणारी-जाणारी. इथवर सगळी जाहिरात झाली. पण नंतर त्याने जे केले ते जाहिरातदार सहसा करीत नाही. त्याने ती गाडी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो रस्त्यावर रविवार वगळून रात्रंदिवस पळवली. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी धक्क्यांनी आपोआप बंद झाली, तेवढीच काय ती गाडी नको असताना थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल ती अशी एकदाही अडली नाही. पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर परीक्षकांनी तिचा सांधा न् सांधा सोडवून झीज मोजली. नवी गाडी होती तशी करायला लागलेल्या सुट्या भागांचे बिल झाले दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स.

याच जातीची एक गाडी १९०८ साली आपल्या सह्याद्रीतही उतरली. 'पूर्वेचा मोती' अशा अर्थाचे इंग्रजी नाव तिला दिले होते. मुंबई-कोल्हापूर मार्गावर सुमारे ६२० मैलांची शर्यतवजा परीक्षा झाली. वाटेत सहा घाट. तेव्हाचे घाटरस्ते बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेले असत, हे वाचकांना सांगायला नको. गाडी त्या परीक्षेत यशस्वी झाली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांना या गाडीची भूल पडली ती केवळ दिमाखामुळे, असे आपण सरसकट म्हणतो. त्या भुलीमागे घाट चढून दाखवल्याचा पुरावाही होता, हे विसरू नये.

मग ही गाडी कधी हरलीच नाही काय? हरली, आणि मला तिच्या इतिहासातले हेच पान सर्वांत मोलाचे वाटते. १९१२ साली ऑस्ट्रियातल्या आल्प्सच्या स्पर्धेत जेम्स रॅडली नावाच्या मालकाची रोल्स-रॉइस काट्शबर्गच्या चढावर अडली. तिचे तीन गिअर त्या उभ्या चढाला पुरेनात. माणसे खाली उतरली तेव्हा गाडी हलली. दंतकथेतल्या कंपनीने 'आमची गाडी अडत नसते' असे कळवले असते. खऱ्या कंपनीने चौथा गिअर बसवला, १९१३ साली तयारीने गाड्या पाठवल्या आणि तीच स्पर्धा गाजवली. नाव राखायचे असेल तर आधी खोट कबूल करावी लागते, ही समज त्या कारखान्यात होती.

आता धन्याच्या दुसऱ्या इच्छेकडे वळू. त्या काळी कंपनी फक्त चासी बनवी, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाडा. वरची खोली बांधायला मालक ती चासी दुसऱ्या कारागिरांकडे धाडी. कोणाला हस्तिदंती मुठी हव्यात, कोणाला शिकारीच्या बंदुकांची जागा, कोणाला राणीसाहेबांसाठी पडदे. गाडी चालवायला शोफर वेगळा. त्याला शिकवायला कंपनीने खास शाळा काढली होती. म्हणजे पाहा, जगातल्या उत्तम गाडीला उत्तम शिकलेला माणूसही लागत होता. पहाटे उठून ठिकठिकाणी तेल घालणारा तो टोपीवाला शोफर नसता, तर मागच्या गादीवरची ती प्रसिद्ध शांतता किती दिवस टिकली असती? धन्याला वाटे, ही शांतता मी विकत घेतली. तिच्यातला निम्मा वाटा महिन्याच्या पगारावर राबणाऱ्या माणसाचा होता.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाआधी एक नामांकित परदेशी गाडी हप्त्यांनी घेतली. गाडीत काडीचा दोष नव्हता. तरी वर्षभरात ते तिच्यावर नाराज झाले. खोदून विचारल्यावर म्हणाले, "मास्तर, व्याही साधे दारापर्यंतसुद्धा पाहायला आले नाहीत हो!" आता या तक्रारीवर कोणता कारखाना कोणता सुटा भाग पाठवणार? त्या गाडीची देखभाल माझा एक जुना विद्यार्थी करतो. त्याच्याजवळ मी विषय काढला, तेव्हा तो गाडीखालूनच म्हणाला, "सर, गाडीला स्वतःचं नाव वाचता येत नाही. तेल वेळेवर बदललं की ती चालते." परीक्षेत त्याने मला कधी इतके नेमके उत्तर दिले नव्हते.

रोल्स १९१० साली बोर्नमथला विमान कोसळून वारला. वय अवघे ३२. रॉइस १९११ पासून सतत आजारी. कारखान्यापासून दूर राहून तो आराखडे काढी आणि तपासून परत पाठवी. १९३० मध्ये त्याला सरदारकी मिळाली, पण तो स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेई. १९३३ साली तो गेला आणि गाडीच्या बिल्ल्यावरची तांबडी अक्षरे काळी झाली. लोकांनी लगेच त्याला सुतकाचा अर्थ दिला. वास्तविक काळी अक्षरे करण्याचे आधीच ठरले होते. तांबडा रंग मालकांच्या गाड्यांना शोभत नसे इतकेच कारण. नाव एकदा मोठे झाले की रंगाच्या डब्यातूनही कथा निघतात.

१९५८ साली डेव्हिड ओगिल्वी यांनी अमेरिकेत या गाडीची जाहिरात लिहिली: ताशी साठ मैलांच्या वेगात या गाडीतला सर्वांत मोठा आवाज विजेवरच्या घड्याळाचा असतो. जाहिरात जगभर गाजली. ओगिल्वी यांनीच पुढे सांगितले आहे की, हे वाचून कंपनीचा एक इंजिनिअर खेदाने म्हणाला, त्या घड्याळाचे काहीतरी केलेच पाहिजे. गिऱ्हाईक शांततेवर खूश होते आणि कारागिराच्या कानात टिकटिक चालू होती.

पण एवढ्याने कंपनी तरली नाही. १९७१ च्या फेब्रुवारीत विमानाच्या नव्या इंजिनाचा खर्च हाताबाहेर जाऊन रोल्स-रॉइसचे दिवाळे वाजले आणि सरकारला मध्ये पडावे लागले. योगायोग पाहा, त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्याकडे घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. गाडीचा कारखाना आणि गाडीचे राजे एकाच वर्षी जमिनीवर आले.

पुढची हकीकत तर एखाद्या फार्सासारखी आहे. मोटारींचा धंदा विमानाच्या इंजिनांपासून वेगळा झाला. १९९८ साली जर्मनीच्या फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंडांना क्रू गावचा कारखाना घेतला. त्यात कामगार आले, यंत्रे आली, बेंटली गाडीही आली. पण 'रोल्स-रॉइस' ही अक्षरे आली नाहीत! ती विमानइंजिनवाल्या कंपनीच्या मालकीची होती, आणि तिने ती चार कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिली. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसबी हात एकीकडे राहिले आणि नाव दुसरीकडे गेले. बीएमडब्ल्यूने गुडवुडला नवा कारखाना उभारला, आणि १ जानेवारी २००३ पासून त्या नावाच्या गाड्या तेथून निघू लागल्या. २०२३ साली ६,०३२ गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे नाव पुन्हा रुजले. पण ते फुकट रुजले नाही. नव्या माणसांना ते नव्याने कमवावे लागले.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर असे. उत्तम यंत्र मिळावे ही धन्याची पहिली इच्छा या गाडीने पुष्कळ अंशी पुरवली. जोवर कोणीतरी सांधे सोडवून झीज मोजत होते, तोवर किंमत जास्त असली तरी लबाडीची नव्हती. दुसरी इच्छा मात्र तिने पुरवली नाही, आणि कोणतीही गाडी ती पुरवू शकणार नाही. मान शेजाऱ्याच्या मनात असतो. तो शोरूममध्ये ठेवता येत नाही.

येत्या पाडव्याला आपल्यापैकी कित्येकांच्या दारी नवे वाहन येईल. कोणाची मोटार, कोणाची स्कूटर. झेंडूचा हार घालावा, कुंकू लावावे, पेढे वाटावेत. फक्त फराळाची ताटे भरताना एक ताट कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पाठवायला विसरू नये. तेथला पोरगा बहुधा गाडीखालीच असेल; हाक मारली की बाहेर येईल.