टायगर मॉथचें सुकाणूं

विमानविद्येच्या इतिहासांत वैमानिकांचींच नांवें फार. दोर तपासणाऱ्या कारागिराचें स्मरण कोणास होतें? २६ ऑक्टोबर १९३१ रोजीं इंग्लंडांत प्रथम उडालेलें, पुढें ८,००० हून अधिक संख्येनें निघालेलें टायगर मॉथ घ्या. पायांखालचा दांडा दाबला कीं पोलादी दोरांनीं शेपटीचें सुकाणूं वळतें. वैमानिकाचा जीव त्या दोरांवर! दोर जेथें घासतो तेथें त्याचा एकेक पदर तुटतो, आणि तें सहसा नजरेस येत नाहीं. म्हणून कारागीर दोरावरून फडकें फिरवितो. अडकलें कीं पदर तुटला. (उघड्या बोटांनीं परीक्षा करणारा रक्त काढून घेतो.) आजही उडणाऱ्या या जुन्या यंत्रांच्या दीर्घायुष्याचें बरेंचसें श्रेय आम्ही त्या फडक्यास देतों. झिजलेला दोर सांधीत बसत नाहींत. नवा घालून ताणाचा पेंच पिळतात, आणि तो सैल होऊं नये म्हणून तारेनें जखडतात.