रोमन तुला आणि लॅटिन शब्द

होरेस (इ. स. पू. 65–8) याने 'आर्स पोएटिका' या पद्यपत्रात रोमन शाळेतील एक प्रसंग रंगविला आहे. पाच द्वादशांशांतून एक वजा केल्यास काय उरते, असे गुरुजी विचारतात. मुलगा उत्तरतो, एक तृतीयांश. गुरुजी संतुष्ट होतात. हा आपली मालमत्ता नीट सांभाळील! होरेसचा प्रश्न असा की, या हिशेबी वृत्तीचा गंज मनावर एकदा चढला म्हणजे जतन करावे असे काव्य कोठून निपजणार?

हा हिशेब ज्या व्यवस्थेवर उभा होता, तिचा पाया बारा या संख्येत आहे. एक 'लिब्रा' म्हणजे सुमारे 327 ग्रॅम. तिचे बारा भाग म्हणजे 'उन्किया', प्रत्येकी सुमारे 27 ग्रॅमचे. परंतु 'उन्किया' हे मुळात वजनाचे नव्हे, तर बाराव्या हिश्श्याचे नाव. म्हणूनच 29.6 सेंटिमीटरच्या रोमन फुटाचाही बारावा भाग 'उन्किया'च ठरला आणि इंग्रजीतील औंस व इंच हे दोन्ही शब्द त्या एकाच मुळातून आले. अखंड एककाला 'आस' म्हणत. वारसाहक्काचीही वाटणी याच द्वादशांशांत होई. संपूर्ण 'आस'चा वारस म्हणजे आपल्या भाषेत सोळा आणे वारस.

'आस' हे नाण्याचेही नाव होते. आरंभी ते जवळजवळ एक लिब्रा वजनाचे ओतीव कांस्यनाणे होते. दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या (इ. स. पू. 218–201) ओढाताणीत ते दोन उन्कियांवर आले, पुढे एका आणि अखेर अर्ध्या उन्कियावर. वजन गेले, नाव मात्र राहिले. शब्द आणि त्याचा अर्थ यांची अशी फारकत भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

मापे बदलतात तेव्हा सत्ताही बदललेली असते, याचा पुरावा पाँपेईच्या बाजारचौकात सापडला. तेथील मापांचा दगडी ओटा आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यात निरनिराळ्या आकारांचे खळगे असून धान्य खाली ओतण्यासाठी तळाशी छिद्रे आहेत. खळग्यांपाशी मुळात ऑस्कन भाषेत मापांची नावे कोरलेली होती. इ. स. पू. 20 च्या सुमारास दोन नगराधिकाऱ्यांनी नगरसभेच्या ठरावानुसार ही मापे रोमन प्रमाणाशी जुळवून घेतली. खळगे मोठे केले गेले आणि ऑस्कन नावे खरवडून टाकली गेली. त्यांतील वाचता येणारे 'कुइनिक्स' हे नाव ग्रीक 'खोइनिक्स'चेच रूप आहे. म्हणजे ऑस्कन मापही मूळचे परकेच होते. पण ते तिथल्या लोकांच्या जिभेवर रुळले होते. बाजारात माप बदलले तेव्हा एक भाषाही दगडावरून पुसली गेली.

आता होरेसच्या तक्रारीकडे पुन्हा पाहावे. हिशेब काव्याचा शत्रू, असे तो सुचवितो. पण त्याची लॅटिन तराजूपासून दूर नाही. परीक्षेचा वाचक झालेला 'एक्झामेन' हा शब्द तराजूच्या काट्यालाही लावला जाई. मनाची टोचणी दर्शविणारा 'स्क्रूपुलुस' म्हणजे अणकुचीदार खडा. उन्कियाच्या चोविसाव्या भागाचे नावही त्याच खड्यावरून पडले. इतकेच नव्हे, ऑगस्टसला लिहिलेल्या पद्यपत्रात होरेस स्वतःच ग्रीक व रोमन लेखकांना एकाच तराजूत तोलण्याचा प्रश्न उपस्थित करतो. जुने ते श्रेष्ठ हा ग्रीकांना लागू पडणारा निकष रोमनांना का लावावा, असा त्याचा आक्षेप आहे. पुढे पर्सियस (इ. स. 34–62) आपल्या पहिल्या उपहासकाव्यात बजावतो की, रोमचा काटाच खोटा आहे, तो दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये, आपला निवाडा आपल्यापाशीच शोधावा.

मराठी समीक्षेलाही या तुलेपासून सुटका नाही. 'तुलना', 'निकष', 'मूल्यमापन' हे आपले नित्याचे शब्द सराफाच्या आणि वाण्याच्या दुकानातले आहेत. अमुक लेखक तमुकाच्या पासंगालाही पुरत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. तसे म्हणताना पारड्यात घातलेले माप कोणाचे आणि ते बसविण्यासाठी कोणती नावे खरवडली गेली, एवढे तरी पाँपेईचा तो ओटा आपल्याला विचारावयास लावतो.