मोसमकाठचा फड

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. बागलाणातल्या शाळेत हे वाक्य मी वर्षानुवर्षं शिकवलं, आणि दर वेळी त्यापुढचा हिशोब मुलांकडूनच करून घेतला. एक हेक्टर रानात सात सेंटिमीटर पाणी भरायचं तर किती लागेल? सात लाख लिटर, म्हणजे सातशे टन. हे ओझं विहिरीतून उपसायचं, तर दीडशे लिटरची मोट धरली तरी साडेचार हजारांहून जास्त खेपा. आणि एवढं करून ते एकदाच पाणी दिलं. आमच्या भागातल्या माणसांनी हा हिशोब कागदावर मांडला नसेल, पण बैलांच्या मानेवर तो त्यांना रोज दिसत होता. नदीचं पाणी उतारानं आपणहून रानात यावं, अशी सोय त्यांनी तीन-चारशे वर्षांपूर्वी उभी केली. तीच फड पद्धत.

नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम आणि गिरणा, शेजारच्या धुळ्यात पांझरा, या नद्यांच्या काठानं ती वाढली. या नद्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे जातात आणि वरच्या टप्प्यात त्यांचा उतार चांगला असतो. बागलाणावरचं मुल्हेरच्या बागुलांचं राज्य १६३८ मध्ये मुघलांकडे गेलं, पुढे मराठे आले, १८१८ नंतर इंग्रज आले. राज्यकर्ते बदलले, तरी पाटाचा गाळ काढायला गावच उतरत राहिलं.

रचना साधी वाटते, पण तिच्यात पाण्याचा स्वभाव बारकाईनं वाचलेला आहे. नदीत दगड-चुन्याचा बुटका बंधारा. त्याचं काम साठा करण्याचं नाही, पाण्याची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत उचलण्याचं. जादा पाणी माथ्यावरून पुढे जातं आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळतं. पाटाचा उतार नदीपेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे जसजसं पुढे जावं तसतशी नदी खोल उतरत जाते आणि पाट तिच्यापेक्षा उंचावर राहतो. नदी आणि पाट यांच्या मधलं सगळं रान भिजतं, ते थळ. थळाच्या शेवटी उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडतात. मुलांना मी पाटाच्या काठानं चालवत न्यायचो. नदी डोळ्यांसमोर खाली जाताना पाहिली की गुरुत्वाकर्षण आणि उतार वेगळा समजावावा लागत नसे.

थळाचे बहुधा चार भाग करत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात बाजरी, अशी फेरपालट. पीक एक म्हणजे पाण्याची गरज एक, पाळी एक. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. ही वाटणी टंचाईत कामाला येई. पावसाळा संपला की नदीची धार पाहून गावचे पंच ठरवत, यंदा किती फड भिजवायचे. पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा ठेवायचा. त्या फडात सगळ्यांचीच जमीन, म्हणून तोटाही सगळ्यांचाच.

या निर्णयामागे जलविज्ञानाचं मोठं तत्त्व आहे. पाणी जितक्या लांब पसरेल तितकं ते जमिनीत मुरतं आणि उन्हानं उडून जातं. थोडं पाणी चारी फडांत फिरवलं असतं तर बरंचसं चाऱ्या भिजवण्यातच संपलं असतं. ते एकवटून दोन फडांना दिलं की पिकाच्या मुळाशी जास्त पोचतं.

गाळाचंही तसंच. वेगात वाहणारं पाणी गाळ उचलतं, संथ झालं की तो खाली टाकतं. पाट संथ, म्हणून तो भरणारच. त्यासाठी दरवर्षी ज्याची जितकी जमीन, तितकं त्याचं गाळ काढण्याचं काम. पाटकरी रानोरान पाणी फिरवी, जागल्या पिकाची राखण करी, हवालदार या सगळ्यांवर नजर ठेवी. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे. शेतकऱ्यानं स्वतः दारं मोडून पाणी घ्यायचं नाही, हा नियम कडक होता.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सुरुवातीला नाशिक आणि खानदेशात होते. पांझरेच्या पाण्यावर त्यांनी काम केलं. पुढे नीरा कालव्यासाठी त्यांनी गटवार पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आखली. ठरलेलं क्षेत्र, ठरलेली पिकं, ठरलेलं पाणी. फड पाहिलेल्या माणसाला तिच्यात ओळखीचं बरंच काही सापडतं.

फड मागे पडला तो विहिरींवर वीजपंप बसले तेव्हापासून. ज्याची विहीर, त्याचं पीक त्याच्या मर्जीचं. कांदा, डाळिंब, द्राक्ष. त्यात गैर काही नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण पावसाळ्यानंतर नदीत जी धार वाहते, ती बेसॉल्टच्या भेगांत मुरलेलं भूजलच हळूहळू झिरपून आलेलं असतं. विहिरींनी ते खाली ओढलं की नदी लवकर आटते आणि बंधारा कोरडा पडतो. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही धरणं झाली. आता अनेक बंधारे त्यांच्यातून पाळीनं सुटणाऱ्या पाण्याची, आवर्तनाची वाट पाहतात.

तरीही एकत्र पाणी वाटण्याची रीत जिल्ह्यातून गेली नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर, शेपटाकडच्या ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९०च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी घरोघर माणसं जोडली. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांच्या हाती आलं. २००५ मध्ये राज्यानं सिंचन पद्धतीच्या शेतकरी व्यवस्थापनाचा कायदाच केला.

फडाचा प्रत्येक नियम पाण्याच्या एखाद्या गुणधर्मावर बेतलेला होता: उतारावर, गाळावर, मुरण्यावर, उडून जाण्यावर. नदी आणि विहीर यांचं पाणी एकच आहे, या गुणधर्मावर मात्र आमच्या गावांत अजून नियम बसलेला नाही. पाटाचं पाणी मोजून वाटणाऱ्या गावानं विहिरीचंही मोजावं. दिवाळीनंतर गावातल्या विहिरींची पातळी मापायची, ती चावडीवर लिहायची आणि मगच रब्बीची पिकं ठरवायची. मापण्याचं काम नववीची मुलं आनंदानं करतील. ठरवायला मात्र पूर्वीसारखे पंच बसायला हवेत.