क्रोटनचे रंग कुणी राखले

मूळचं रानातलं क्रोटन हिरवंच असतं. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर आणि त्या पट्ट्यातल्या इतर बेटांवर ते आपोआप उगवतं. तिथे त्याच्याकडे मुद्दाम वळून पाहावं असं काही नसतं. पिवळे शिंतोडे, शेंदरी शिरा, किरमिजी कडा, पिळवटलेली अरुंद पानं असं नर्सरीत जे दिसतं, ते माणसांनी वेचून ठेवलेलं आहे. मी अनेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. क्रोटनची फांदी वर्गात नेली की पानातली रंगद्रव्यं समजावून व्हायची आणि तास संपायचा. हे रंग कुणी राखले, याला अभ्यासक्रमात जागाच नव्हती. ती मला आता इथे करायची आहे.

क्रोटनच्या एखाद्या फांदीच्या शेंड्यातल्या पेशीत मधूनच बदल होतो आणि ती फांदी बाकीच्या झाडापेक्षा वेगळी पानं धरते. झाडाला बी येतं, पण त्यातून आईसारखंच रोप निघेल याची शाश्वती नसते. म्हणून ती फांदी कुणी तोडून मातीत खोवली तरच तो रंग टिकतो. नाही खोवली, तर फांदीबरोबर रंगही जातो. आज आपल्यासमोर जे रंगीत क्रोटन आहे, त्याच्यामागे अशी खोवणाऱ्यांची रांग उभी आहे.

या रांगेबद्दल मी सर्वांत जुना लेखी पुरावा मानते तो रम्फियसचा. हा जर्मन माणूस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मोलुक्कांतल्या आंबोन बेटावर आला, मरेपर्यंत तिथेच राहिला आणि तिथल्या वनस्पतींवर एक सचित्र ग्रंथ लिहीत राहिला. १६७० मध्ये त्याचे डोळे गेले. १६७४ च्या भूकंपात भिंत कोसळून बायको सुझाना गेली. १६८७ मध्ये आग लागून ग्रंथाची चित्रं जळाली. ती पुन्हा काढून घेऊन हस्तलिखित हॉलंडला धाडलं, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवलं. बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलने आधी नक्कल करून ठेवली होती, म्हणून ग्रंथ वाचला. त्यानंतरही कंपनीने तो दाबून ठेवला. १७०२ मध्ये रम्फियस वारला आणि १७४१ पासून पुढे अॅमस्टरडॅममध्ये ग्रंथाचे खंड छापले गेले. त्याचा बराच मजकूर त्याने दृष्टी गेल्यावर लेखनिकांना सांगून लिहवून घेतलेला आहे.

त्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात क्रोटन आहे. तेर्नाते बेटाकडचं ‘कोडिहो’ हे नाव घेऊन रम्फियसने त्याला ‘कोडिएउम’ म्हटलं, आणि शास्त्रात आजही त्याच्या प्रजातीचं हेच नाव चालतं. महत्त्वाचं म्हणजे त्याने एक झाड देऊन विषय संपवला नाही. सोनेरी ठिपक्यांचं वेगळं, फितीसारख्या लांब पानांचं वेगळं, रानातलं वेगळं अशी प्रकारवार नोंद केली. युरोपातल्या कुठल्याही रोपवाल्याने या झाडाला हात लावण्याच्या कितीतरी आधी आंबोनच्या लोकांकडे रंगांची निवड होऊन ती स्थिरावली होती, हे यावरून सरळ सिद्ध होतं.

आणि ती निवड निव्वळ शोभेपुरती नव्हती. या बेटांवर आणि पुढे पॅसिफिकमध्ये क्रोटन कुंपणाला लागतं, जमिनीची हद्द दाखवतं, विधींमध्ये वापरलं जातं. जावात त्याला ‘पुरिंग’ म्हणतात आणि तिथे ते कबरस्तानातलं झाड म्हणून ओळखीचं आहे. हद्दीच्या किंवा पूर्वजांच्या कबरीवरच्या झाडाला कुणी उपटत नाही. ते वाळायला लागलं तर त्याचीच फांदी शेजारी खोवतात. रंग टिकायला याहून चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

लंडनला हे झाड मोठ्या संख्येने पोचायला आधी एक अडचण दूर व्हावी लागली. महिनोन्महिने चालणाऱ्या सफरीत खारं पाणी उडून आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने बहुतेक रोपं मरत. पूर्व लंडनमधल्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरने १८२९ मध्ये पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ठेवला होता. बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवला आणि पाणी न घालता जगला. १८३३ मध्ये त्याने काचेच्या दोन बंद पेट्या रोपं भरून सिडनीला पाठवल्या आणि रोपं जिवंत पोचली. पुढे चीनमधला चहा हिमालयाच्या उतारावर आला तोही अशाच पेट्यांतून.

या पेट्यांच्या जोरावर चेल्सीच्या वीच नर्सरीने आपल्याच घरातला जॉन गूल्ड वीच हा तरुण १८६४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण समुद्राकडे पाठवला. १८६५ मध्ये तो ‘कुरासोआ’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून सामोआ, फिजी, न्यू हेब्रिडीज अशी बेटं फिरला. क्रोटन आणि कॉर्डिलाइन यांचे कितीतरी प्रकार त्याने आणले. याच सफरीत ‘कुरासोआ’ने मिशनऱ्यांच्या तक्रारीवरून न्यू हेब्रिडीजमधल्या तान्ना बेटावर तोफा डागल्या. बागकामाच्या पुस्तकांत मी क्रोटनचा इतिहास वाचला, त्यात वीच भेटला. तान्ना कुठेच भेटलं नाही. मला ही उणीव सोसवत नाही. ज्यांच्या अंगणातून फांद्या आल्या आणि ज्यांच्या गावांवर तोफा चालल्या, ती एकाच मुलखातली माणसं होती, आणि दोन्हीकडे जहाज तेच होतं. वीच १८७० मध्ये एकतिसाव्या वर्षी क्षयाने गेला. बेटांवरून आलेल्या एका क्रोटनला त्याच्या घराण्याचं नाव लागलं. ते झाड वाढवणाऱ्या गावाचं नाव कुणी विचारल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

इंग्लंडच्या थंडीत क्रोटन बाहेर जगत नाही. त्याला कोळसा जाळून गरम ठेवलेलं काचघर लागे. त्यामुळे ते तिथे धनिकांचं झाड झालं, प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागलं, नवे संकर निघाले. आपल्याकडे मात्र हवा फुकट गरम आणि दमट. कलकत्त्याच्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीसारख्या संस्था परदेशी रोपं वाढवून वाटत. ती १८२० मध्ये स्थापन करणारा विल्यम केरी म्हणजे १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा केरीच. पुण्यात गणेशखिंडच्या वनस्पती उद्यानाचं काम पाहणाऱ्या वुड्रोने हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं. असं हे झाड बंगल्यांतून शाळांच्या आवारात आणि तिथून घराघरांत उतरलं.

मालवणकडच्या आमच्या घरी ते गडग्याच्या कडेने होतं. गुरं त्याला तोंड लावत नसत. काकी पावसाच्या तोंडावर फांद्या छाटायची आणि छाटलेल्या फांद्या गडग्याच्या मोकळ्या जागी खुपसायची. शेजारीण आली की तिच्याही हातात दोन फांद्या द्यायची. काकीने रम्फियस वाचलेला नव्हता. पण आंबोनच्या बायका-पुरुषांचंच काम ती करत होती, आणि तिला मी या इतिहासातच मोजते.

आता डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये क्रोटन पाळताना मला हा इतिहास रोज उपयोगी पडतो. हे उघड्या कुंपणावर वाढवलेलं झाड आहे, हॉलच्या कोपऱ्यातलं नव्हे. अंधारात ते मरत नाही, पण नवी पानं हिरवी पडत जातात आणि खालची गळतात. पूर्वेच्या खिडकीत, ग्रिलला लागून ठेवावं. कोवळी पानं हिरवट-पिवळी दिसतात, लाली पान जून होताना चढते, तेवढा धीर धरावा. जागा वरचेवर बदलू नये, कारण नर्सरीतून घरी आणलं तरी ते रुसून पानं टाकतं. तेव्हा जास्त पाणी घालून मुळं कुजवू नयेत. वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी घालावं. एसीच्या कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी धरतो, म्हणून ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसत जावं.

आणि रंग आवडला असेल तर जुलैत गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर शेंड्यापासून वीतभर खाली बोटभर रुंदीची साल गोल काढावी, आतला बुळबुळीत थर खरवडावा, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बांधावी. चीक कातडीला लागला तर खाज सुटते, तेव्हा हात लगेच धुवावेत. पट्टीतून पांढरी मुळं दिसायला लागली की गुटीखाली कापून फांदी लाल माती आणि शेणखताच्या कुंडीत लावावी, आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी आणि मग शेजारी द्यावी.