देवनहळ्ळीची दप्तरी मराठी

बंगळुरूच्या उत्तरेकडील देवनहळ्ळीचा किल्ला 1501 मध्ये मल्लबैरेगौडा याने बांधला. गावाची बोली कन्नड. मराठी तिथे आली ती कारभाराबरोबर. 1638 मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळुरू घेतले आणि तो मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. मराठी कारकून आणि मोडी लिपी या भागात रुजली ती त्यानंतर. मुलूख पुढे म्हैसूरकडे गेला, पण मराठी टिकली. देवनहळ्ळीत जन्मलेल्या टिपूच्या काळात फारसीला मान मिळाला, तरी कन्नड व मराठी हिशेब चालूच राहिले. टिपूनंतर, 1799 पासून म्हैसूरचे दिवाण झालेले पूर्णय्या देशस्थ ब्राह्मण होते.

राज्य बदलले तरी माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे इतक्या सहजी बदलत नाही. मराठी पत्राच्या मायन्यातच नाते ठरे. माथ्यावर ‘श्री’, खाली मानाच्या माणसाला ‘राजमान्य राजश्री’; धाकट्याने थोरल्याला ‘साष्टांग नमस्कार’, थोरल्याने धाकट्याला ‘अनेक आशीर्वाद’. मजकूर त्यानंतर, ‘विनंती विशेष’ म्हणून. काम कितीही तातडीचे असो, आधी समोरच्याचा मान. कन्नडमध्येही आदरासाठी ‘नीवु’ हे अनेकवचन आणि नावापुढे ‘अवरु’ येते, म्हणून ही रीत इथे परकी ठरली नाही. बंगळुरूच्या मराठी कुटुंबांत घरी मराठी, बाजारात कन्नड अशी वहिवाट पडली, आणि दोन्हीकडे वडीलधाऱ्यांशी बोलण्याची अदब एकच राहिली. मोडी दप्तरे मागे पडली; कर्नाटकातील तालुका कचेरीत ‘शिरस्तेदार’ हे पद मात्र आजही आहे.