कोळशावर तरंगणारी वाट

तारीख २० मार्च १८३०. तुम्ही मुंबईच्या गोदीत उभे आहात. समोर ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट आहे, ४११ टनांची, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली इथेच बांधलेली. मुंबईहून सुएझला वाफेवर निघालेली ही पहिलीच बोट. चढा, पण बेताने. कोळशाच्या कोठीत जेमतेम साडेपाच दिवसांचा साठा मावतो आणि एडन गाठायला त्याच्या दुप्पट दिवस लागणार आहेत. म्हणून मालाची जागा कोळशाने भरली आहे आणि प्रवाशांच्या खोल्यांतही तोच भरला आहे. बसायला कोपरा मिळाला तर नशीब. त्या वजनाने बोट इतकी दबली आहे की वाकलात तर हात पाण्याला लागेल.

कोळशाचा एक तुकडा उचलून बघा. तो विलायतेच्या खाणीतून निघाला आणि शिडाच्या जहाजात बसून, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून इथवर आला. वाऱ्याला मागे टाकायला निघालेल्या या बोटीचं इंधन वाऱ्यानेच आणून दिलं आहे. शेजारून कोकणी गलबतं आणि अरबी धाऊ जातात. त्यांना शिडाचं कापड, दोरखंड आणि मोसमाची वाट पाहण्याचा धीर एवढंच लागतं. तुमच्या बोटीला धीर नाही, त्यामुळे तिला बाकी सगळं लागतं.

अकराव्या दिवशी एडनचे काळे डोंगर दिसतात तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरलेला असतो. इथला साठाही आधीच शिडाच्या जहाजाने पाठवून ठेवलेला आहे. तो बोटीत चढवायला पुरेशी माणसं मिळत नाहीत आणि दिवसांमागून दिवस जातात. सुएझपर्यंतच्या ३३ दिवसांतले १२ दिवस नुसते कोळसा भरण्यात गेले. हा हिशेब मुंबईत आणि लंडनमध्ये फार बारकाईने वाचला गेला. वाट चालू ठेवायची तर मध्ये हक्काचं कोठार हवं, हे दोन्हीकडे कळलं.

नऊ वर्षं पुढे या. १९ जानेवारी १८३९ ला इंग्रज कॅप्टन हेन्सच्या तोफा एडनवर चालताहेत. कारण सांगितलं जातंय ‘दर्या दौलत’ नावाच्या जहाजाच्या लुटीचं. जेमतेम सहाशे माणसांचं हे गाव आजपासून मुंबई इलाख्यात आलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईतूनच चालला.

आता १८८२ मध्ये उतरा. इथे जरा थांबायला हवं. सुएझचा कालवा उघडून तेरा वर्षं झाली आहेत आणि स्टीमर पॉइंटला बोटींची रीघ लागली आहे. धक्क्यावर सोमाली आणि येमेनी हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरून वर जातात, रिकाम्या पाठीने खाली येतात. काळी धूळ त्यांच्या पापण्यांवर, ओठांवर, भाकरीवर बसते. वरच्या डेकवर साहेब लोक नाकाला रुमाल लावून हे आवरायची वाट बघतात. तुम्हाला तहान लागते. इथे पाऊस नावापुरताच. डोंगरातली तवीलाची पुरातन टाकी साफ करून घेतली आहेत, पण तीही भरतील तेव्हा खरी. म्हणून समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून गोडं पाणी काढतात, आणि ते उकळायला पुन्हा कोळसाच लागतो. तुमच्या हातातलं पेलाभर पाणीसुद्धा समुद्रापारच्या खाणीतून आलं आहे.

याच गावात, तुरुंगाच्या भिंतीआड, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आहेत. तुम्हाला आत सोडणार नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची गावं ओस पडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि मग इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं होतं. त्या दुष्काळातच हिंदुस्थानातलं धान्य विलायतेला जात होतं, आणि कालव्यामुळे ते झपाट्याने पोचत होतं. पश्चिमेला धान्य नेणाऱ्या याच समुद्रवाटेवर जन्मठेपेचा हा कैदी आणून ठेवला. दाराच्या बिजागऱ्या उखडून ते एकदा पळाले, पण पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते इथेच वारले. एडनच्या इतिहासात बोटींचे टनावारी हिशेब भरपूर सापडतात. मला मात्र ते वाचताना दर वेळी ही कोठडी आठवते, कारण कोळसा, धान्य आणि माणूस या तिन्हींची ने-आण एकाच सत्तेने, एकाच वाटेवर केली.

जून १९६७ ला फार वेळ काढू नका. कोळशाची जागा खनिज तेलाने घेतली आहे आणि शेजारच्या लिटल एडनमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना उभा आहे. जगातल्या बोटी इथे इंधन भरायला थांबतात. अरब-इस्रायल युद्ध पेटतं, सुएझचा कालवा आठ वर्षं बंद पडतो आणि बंदराचं पोट रिकामं होतं.

मार्च २०२४, तांबड्या समुद्राचं दक्षिण टोक. ‘रुबीमार’ नावाचं मालवाहू जहाज येमेनच्या हूथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राच्या माऱ्यानंतर दोन आठवडे गळत राहून बुडालं आहे. त्याच्या पोटात सुमारे २१ हजार टन खत आहे आणि मागे तेलाचा लांबच लांब तवंग. खाली प्रवाळ आहे, आणि त्यावर जगणाऱ्या येमेनी कोळ्यांचं या भांडणात काहीच नव्हतं. बाकीची जहाजं पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली आहेत. दहा-दहा दिवस जास्त, आणि तेवढं तेलही जास्त जळणार. जगातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास तीन टक्के एकट्या जहाजवाहतुकीतून येतात. त्यात ही भर.

आता परत या. ऑगस्ट २०२४, डहाणू तालुक्यातलं वाढवण. नव्या बंदराची पायाभरणी याच महिन्यात झाली. ७६ हजार कोटींहून जास्त खर्च, मोठ्यातली मोठी कंटेनर जहाजं लागतील इतकं खोल पाणी, युरोपकडे जाणाऱ्या नव्या आर्थिक मार्गिकेची स्वप्नं. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. डहाणू १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. इथल्या पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ साली हेच बंदर नाकारलं होतं आणि २०२३ साली त्याला परवानगी दिली. पापलेट, घोळ, शेवंड यांच्या पैदाशीची जागा मधल्या पंचवीस वर्षांत हललेली नाही. किनाऱ्यावर घोषणा देणारे कोळी तुम्हाला एकच गोष्ट विचारतील: जाळं टाकायचं ते पाणीच भरावाखाली गेलं, तर नुकसानभरपाईच्या पैशाने दुसरा समुद्र कुठे विकत मिळतो? त्यांच्या समोर उभं राहून उत्तर द्या.